सातवा हत्ती

एका जंगलात, बाळांनो, कंटकराव नावाचे साळिंदर गुरुजी राहत. कुठलं जंगल ते विचारू नका, माझी लय बिघडते.

गुरुजींनी तीस वर्षं एकच धडा जीव तोडून शिकवला. डोंगरावरचं पडकं प्राचीन देऊळ आणि त्याचे सात दगडी हत्ती. देऊळ त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पुस्तकात होतं की! पण निवृत्त झाल्यावर जिवाला रुखरुख लागली. मरण्यापूर्वी ते सात हत्ती डोळे भरून पाहायचेच, असं ठरवून ते निघाले.

वाटेत पायथ्याचं गाव लागलं. तिथे सूर्योदय पॉइंट होता, सूर्यास्त पॉइंट होता आणि जिथून काहीच दिसत नाही असाही एक पॉइंट होता. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. गुरुजी एका मुक्कामासाठी शेपटे वानराच्या लॉजवर उतरले. शेपटे त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"उद्या पहाटेच वर जातो," गुरुजी म्हणाले.

"कसली घाई, गुरुजी? उद्या बासुंदी आहे."

परवा अळूवडी निघाली. तेरवा मालिशवालं अस्वल आलं आणि पाठ सोडून बाकी सगळं चोळून गेलं. गुरुजी व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर पडून पाहुण्यांना सात हत्तींची गोष्ट सांगू लागले. सोंडा, सुळे, सगळं साग्रसंगीत. पाहुणे इतके खूश, की वर जायचं कुणी नावच काढेना.

आठव्या दिवशी मात्र गुरुजींना स्वतःचीच लाज वाटली. "चुलीत गेली तुझी बासुंदी!" असं म्हणून ते तरातरा डोंगर चढले.

वर हत्ती सहाच होते.

त्यांनी पुन्हा मोजले. मागे जाऊन पाहिलं. सातवा पडलेला नव्हता, चोरीला गेलेला नव्हता. मुळात जागाच सहांची होती. गुरुजी मटकन खाली बसले. तीस वर्षं! त्यांना रडूच कोसळलं.

खाली येऊन त्यांनी वानराला गाठलं. "शेपट्या, सहाच आहेत रे!"

"ठाऊक आहे, गुरुजी. माझा जन्मच त्या देवळातला. चौथीत मी सहाच लिहिलं होतं."

"मग?"

"तुम्ही नापास केलंत. दोनदा. तिसऱ्या वर्षी सात लिहिलं आणि सुटलो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तर अडवत होतो हो."

गुरुजी तडक व्हरांड्यात गेले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर उभे राहिले.

"ऐका! मी जन्मभर चुकीचं शिकवलं. हत्ती सहाच आहेत. मी आत्ता मोजून आलो."

मग एका सशिणीनं आपल्या पिल्लाला जवळ ओढलं.

"बघितलंस? अभ्यास केला नाही, की म्हातारपणी असं होतं. आता तू सांग राजा, हत्ती किती?"

"सात!" पिल्लू ओरडलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: बाळांनो, पायथ्याशी बासुंदी चांगली मिळत असेल, तर वर जाऊ नये. गेलातच, तर मोजू नये. आणि मोजलंतच, तर निदान परीक्षेत लिहू नये.