लंकाचं बघणं आणि मनकर्णाचा राग

लंकाला बघायला पाहुणे येणार म्हणून तिच्या भावाने, आसारामने, कृपाबाईंनाही घरी बोलावून बसवलं होतं. शिकलेलं माणूस ओसरीवर दिसलं की सोयरिकीला वजन येतं, असं त्याचं मत. शाळेचे मास्तर गावाला गेलेले, तेव्हा बालवाडीच्या बाईंवर भागवणं आलं.

कृपाबाई त्या दिवसांत खुशीत होत्या. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात नगरच्या शिबिरात त्या एक नवी गोष्ट शिकून आल्या होत्या. लहान मूल चावतं, बोचकारतं, कारण आत काय होतंय ते त्याला सांगता येत नाही. त्याला शब्द द्यावा. मग त्यांनी पोरांना शिकवलं, छातीवर हात ठेवायचा आणि सांगायचं: राग आलाय, भीती वाटते, रडू येतंय. दुसऱ्याला काय वाटत असेल तेही ओळखायचं. दिवाळीपर्यंत बालवाडीतलं चावणं बंद झालं. आसारामची पाच वर्षांची मनकर्णा तर या विद्येत सगळ्यांच्या पुढे.

पाहुणे संगमनेरकडचे. भिमाजी आणि त्यांचा मुलगा मच्छिंद्र, साखर कारखान्यात नोकरीला. लंका पाटावर येऊन बसली, नावगाव विचारून झालं, पोह्यांच्या बशा फिरल्या. तेवढ्यात मनकर्णा मधोमध येऊन उभी राहिली आणि तिने छातीवर हात ठेवला.

"मला राग आलाय."

भिमाजींना गंमत वाटली. "कुनाचा गं?"

"तुमचा. आई म्हनली, पाव्हणे उठल्याबिगर पोह्यांना हात लावायचा न्हाई. आन तुमी परत घेतले."

सगळे हसले. भिमाजीही हसले, जरा कमी. कृपाबाईंचा मात्र ऊर भरून आला. उन्हाळ्यात हीच पोरगी पाहुण्याच्या पोटरीला चावली असती. त्यांनी कौतुकाने मान डोलावली, आणि तिथेच घोटाळा झाला. बाईंची मान डोलली म्हटल्यावर मनकर्णाला हुरूप आला.

"आन आत्याला भीती वाटती. सकाळपास्नं रडती."

भिमाजींनी बशी खाली ठेवली.

"आसाराम, पोरीच्या मनाविरुद्ध चाललंय व्हय हे?"

"न्हाई वो. कांदा चिरत हुती ती, पोह्यांसाठी."

"पोह्यात कांदा कुठंय?" मनकर्णाने विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या बशीत पाहिलं. कांदा नव्हता.

"चल मच्छिंद्र," भिमाजी धोतर सावरत उठले. "रडत्या पोरीला सून करून न्यायची आमच्यात रीत न्हाई."

आसाराम कृपाबाईंकडे वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, ही विद्या तुमची. आता तुमीच निस्तरा."

सोयरीक मोडायला लागली तर काय करायचं हे कृपाबाईंना शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना एकच ठाऊक होतं, मूल बोलायला लागलं की पुरतं बोलू द्यायचं.

"मनकर्णा, आत्याला कशाची भीती वाटते?"

आसारामने डोळे मिटून घेतले.

"पाव्हणा न्हाई म्हनंल ह्याची. आत्यानं त्याला श्रीरामपूरच्या बाजारात बघितलंय. लई आवडलाय म्हनली."

लंकाने पदर पार हनुवटीपर्यंत ओढला. मच्छिंद्र आल्यापासून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. त्याने उभ्या असलेल्या बापाच्या धोतराचा सोगा धरला.

"दादा, बसा खाली."

"का रं?"

"मी न्हाई म्हनत न्हाई. मलाबी सकाळपास्नं हीच भीती हुती."

भिमाजी बसले. बशी उचलली, पण घास घेण्याआधी त्यांनी मनकर्णाकडे पाहिलं. "घेऊ का गं आता?"

मनकर्णाने थोडा विचार केला. "आधी मला."

माघात लग्न झालं. गावाने कृपाबाईंचं तोंडभरून कौतुक केलं आणि सावधही झालं. पुढे ज्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार, त्या घरची झाडून सगळी पोरं उजाडताच बालवाडीत आणून सोडली जाऊ लागली. वर निरोप असायचा, "पाव्हणे गेल्याबिगर सोडू नका."

एकदा पोरांच्या रांगेत छबूबाई नावाची म्हातारीही आत आली आणि पाय पसरून बसली. तिला पोहोचवायला आलेला तिचा मुलगा दारातच घुटमळला.

"हिलाबी ठिवून घ्या, बाई," तो म्हणाला. "पोरं परवडली."