सोफाभर आजारी वैमानिक

निर्णय घ्यावा तर वैमानिकानं! समोर ढग दिसला की डावीकडून जायचं की उजवीकडून, हे आम्ही चहाचा कप खाली न ठेवता ठरवतो. तेव्हा नोकरी बदलायची की नाही, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ होता.

आमची कंपनी दोन विमानांची, अकरा वैमानिकांची. पगार बेताचा, पण संध्याकाळी सातला मी घरी. नव्या कंपनीत पगार दुप्पट. मात्र प्रशिक्षणाचा खर्च त्यांचा, म्हणून पाच वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड, आणि महिन्यातले पंधरा दिवस परगावी हॉटेलात.

"म्हणजे पगार दुप्पट आणि नवरा निम्मा," बायको म्हणाली. "आणि तुझ्याशिवाय न जेवणाऱ्या पोरीचं काय?"

"अगं, नुसती चाचणी देऊन बघतो. बघायला काय जातंय?"

चाचणी मंगळवारी होती. सकाळीच ड्युटी लावणाऱ्या बाईंना कळवलं, पोट बिघडलंय. आमच्या धंद्यात हे एक बरं असतं. आजारी वैमानिकाला कोणी विमानात बसू देत नाही आणि फार खोदूनही विचारत नाही.

नव्या कंपनीच्या बाहेरच्या खोलीत शिरलो, तर सोफ्यावर आमचे कॅप्टन! तीन वर्षं ज्यांच्या शेजारी बसून विमान चालवलं, तेच!

"मला ताप आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"माझं पोट बिघडलंय, सर."

"काळजी घे."

मग एकेक येत गेला. दाढदुखी आली, कंबर आली, दोन्ही डोळे आले. अर्ध्या तासात सोफ्यावर आमच्या कंपनीचे दहा जण आणि एका सार्वजनिक रुग्णालयाला पुरतील एवढे आजार जमले!

इतक्यात कॅप्टनचा फोन वाजला. ड्युटीवाल्या बाई! कॅप्टन खोकले आणि त्यांनी फोन ठेवला. लगेच दाढदुखीचा वाजला. मग कंबरेचा. बाई यादीप्रमाणे चालल्या होत्या आणि आम्ही नेमके यादीप्रमाणेच बसलो होतो!

माझा वाजला.

"अहो, थोडं तरी बरं वाटतंय का? विमानं उभी आहेत, प्रवासी माझ्या अंगावर यायचे बाकी आहेत! कुठे आहात तुम्ही?"

"द... दवाखान्यात."

तेवढ्यात दार उघडून एक मुलगी ओरडली, "पुढचा नंबर कोणाचा?"

"ऐकलंत ना, बाई? नंबर आला!"

मी घाम पुसतोय, तोच कोपऱ्यातल्या उघड्या वर्तमानपत्रामागे फोन वाजला. वर्तमानपत्र दचकून खाली आलं. मागे आमचे मुख्य वैमानिक! शुक्रवारीच त्यांनी आम्हाला कंपनीनिष्ठेवर तासभर झोडपलं होतं.

"मी महत्त्वाच्या बैठकीत आहे," ते फोनवर म्हणाले. "काय? एकही वैमानिक मिळत नाही? कमाल आहे! थांबा, मी स्वतः शोधतो." मग आमच्याकडे एकेक करून बघितलं, वर्तमानपत्र पुन्हा वर केलं आणि मागून म्हणाले, "नाही हो, कोणीच दिसत नाही."

त्या दिवशी आमचं एकही विमान उडालं नाही. प्रवाशांनी आमच्या ऑफिसच्या खिडकीची काच फोडली. मालक आधीच कावलेले होते, त्यांनी महिन्याभरात हात झटकले आणि अख्खी कंपनी विकून टाकली. नव्या कंपनीलाच!

आम्हा सगळ्यांना पत्रं आली. आपण चाचणीत उत्तीर्ण आहात, अभिनंदन. बाँड नव्या नियमाप्रमाणे, पाच वर्षं. मुक्काम नव्या नियमाप्रमाणे, पंधरा दिवस. पगार मात्र जुन्या कराराप्रमाणेच!

बायकोनं पत्र दोनदा वाचलं आणि माळ्यावरची बॅग काढून दिली. ती चिडली असती तर परवडलं असतं. मला रडायला येत होतं, पण रडणार कोणत्या तोंडानं?

पोरगी बॅगेशेजारी येऊन बसली.

"बाबा, तू परीक्षेत पास झालास ना?"

"हो, बाळा."

"मग तुला शिक्षा का केली?"

मी खाली मान घालून मोजे मोजत राहिलो.