अर्क तपासणारे भोयर काका

मनीषनगरच्या बागेबाहेर सकाळी दुधीचा रस मिळतो. आमचे शेजारी भोयर काका रस घेण्याआधी त्या दुधीचा तुकडा चावून बघतात. कडू दुधी बाधतो हे खरंच आहे, पण काका तेवढ्यावर थांबत नाहीत. रसवाल्यालाही तुकडा चावायला लावतात आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून उभे राहतात. "मले डाऊट आहे गा!"

जन्मभर वजनमापं तपासण्याची नोकरी केलेला माणूस. आपण इतवारी बाजारात शिरलो की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी शेजारी तपासायला घेतले. मी वाढदिवसाचा पेढा दिला, तर "आज काहून?" विचारून मगच तोंडात टाकला.

गेल्या वर्षी त्यांच्या घरात फॅटी लिव्हर निघालं. कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. काकांचं पोट त्यांच्या आधी फाटकाबाहेर पडतं आणि सुमनकाकू म्हणजे वाळली काडी. काकांनीही खुलासा केला नाही. लिव्हर म्हटल्यावर गल्लीला बाटलीचा संशय आला. जो सोडासुद्धा वास घेऊन पितो, त्याच्यावर!

मग जो तो वैद्य झाला. कुणी भुईआवळ्याचा अर्क आणला, कुणी कुटकीचा, माझ्या मेहुण्यानं हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. काकांनी एक फोडून बनियनला चोळली आणि बनियन धुतलं. डाग गेला नाही तेव्हा म्हणाले, "हळद तर असली दिसते. पण अशी लपून काहून बसली?" ग्रीन टीच्या अर्काच्या गोळीवरून त्यांनी मलाच धारेवर धरलं. "चहाच आहे, तर कपात काहून नाही?"

एवढं बोलूनही सगळं घेत मात्र होते. आता संशय मला यायला लागला. विश्वास नाही, तर हा माणूस गिळतो कशाला?

परवा सकाळी भेटले तर डोळे पिवळे. "आरशात पाहिलं का काका?" मी विचारलं. "आरसा जुना झाला गा," म्हणाले. मी त्यांना बळंच स्कूटरवर बसवून प्रताप नगरला डॉक्टरांकडे नेलं.

मी अर्कांचं सांगितलं. तपासण्या बघून डॉक्टर म्हणाले, "लिव्हरला सूज आहे, पण चरबी नाही. मग हे अर्क कशासाठी घेत होतात?"

काका खाली बघत म्हणाले, "फॅटी लिव्हर मले नाही जी. आमच्या सुमनले आहे."

मी उडालोच. काकूंना? डॉक्टर म्हणाले, बारीक माणसालाही होतं.

"लोकं बाटल्या आणून देऊन राहिले," काका म्हणाले. "तिले डायरेक्ट कसं देऊ? म्हटलं, आधी मी पिऊन पाहतो."

"मग दिलं त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी. एकही पास नाही झालं."

डॉक्टर चांगलेच तापले. ही सूज या अर्कांनीच आणलीय, सगळं आजपासून बंद, काकूंना माझ्याकडे घेऊन या, म्हणाले. "आणि उद्या तुमचंच काही बरंवाईट झालं असतं तर?"

काकांनी मान वर केली.

"मले झालं तर पाहाले ती आहे जी," ते म्हणाले. "तिले झालं तर मी कोणाकडे पाहू?"