कमरेचं रिव्हॉल्वर

वालूरच्या व्यंकटरावांनी स्वतःच्या रक्षणासाठी रिव्हॉल्वर घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घराकडे कुणी फिरकेनासं झालं.

रिव्हॉल्वर मोठं देखणं होतं. आखूड नळीचं, भरल्या तांब्याहून हलकं, बंडीखाली खोचलं तर बाहेरून दिसूही नये असं. त्या वर्षी परभणीच्या वाटेवर लुटालूट वाढली होती, म्हणून कचेरीत खेटे घालून त्यांनी परवाना मिळवला. आता अशी न दिसणारी वस्तू माणसानं गुपचूप बाळगावी की नाही? व्यंकटरावांनी ती पहिल्याच दिवशी चावडीवर सगळ्यांना दाखवली.

मग दाढी करता करता आश्रुबा न्हावी वस्तरा उचलून मागे सरकू लागला. "मालक, हसू नका. तुमी हसले की ते हालतंय." रोज संध्याकाळी सोंगट्या खेळायला येणारा लिंबाजी तर यायचाच बंद झाला. बायको वारल्यापासून व्यंकटरावांच्या ओसरीवर बसायला दुसरं कुणी नव्हतंच. ते एकटेच दोन्हीकडून डाव खेळत आणि दोन्हीकडून हरत. चोरसुद्धा येईना. फार वाईट गेले ते दिवस.

दसऱ्याला मात्र त्यांनी मनाशी ठरवलं. आज सगळं गाव एकमेकांना सोनं देऊन गळाभेट घेतं, लिंबाजीला टाळता यायचं नाही. खंडेनवमीला देवघरात पूजेला मांडलेलं रिव्हॉल्वर त्यांनी उचलून कमरेला खोचलं आणि आपट्याची पानं घेऊन शिवेवर गेले.

लिंबाजी समोर दिसताच त्यांनी हात पसरले. तेवढ्यात पोटाला कडकडून काहीतरी चावलं. मग आणखी एकदा. "आई गं!" म्हणत त्यांनी बंडीत हात घातला आणि रिव्हॉल्वर बाहेर ओढलं.

सगळं गाव पालथं पडलं. उभे राहिले ते एकटे व्यंकटराव. एका हातात सोनं, दुसऱ्या हातात रिव्हॉल्वर, आणि त्यावर लाल मुंग्यांची झुंबड.

"मुंग्या! आरं, मुंग्या हाईत!"

कुणी मान वर करीना. शेवटी त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी सारजाबाई जमिनीवरूनच बोलली, "मालक, म्या काल त्याला पंचामृताची आंघोळ घातली. देवापुढं मांडलं, मंग तसंच कोरडं ठिवावं का?"

गाव हसत हसत धूळ झटकून उठलं. लिंबाजी मात्र मातीतच बसून राहिला. व्यंकटरावांनी रिव्हॉल्वर लांब गवतात ठेवलं आणि ते त्याच्याजवळ जाऊन बसले.

"लिंबाजी, इतकं भ्या वाटतंय व्हय तुला याचं?"

"भ्या न्हाई वाटत," लिंबाजी खाली बघत म्हणाला. "तुमच्या घरी येणारा मी एकलाच. मंग हे तुमी कुणासाठी घेतलं?"

व्यंकटरावांनी गवतातल्या रिव्हॉल्वरकडे पाहिलं. वाटेवरच्या चोरांचं नाव घ्यावं, तर परवाना आणायला गेले तेवढं सोडून ते बायको गेल्यापासून वालूरच्या बाहेर पडलेच नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लिंबाजीला मिठी मारली.

थोड्या वेळानं लिंबाजी चुळबुळला. "व्यंकटराव, मुंग्या माझ्या अंगावर यायल्यात."

"येऊ दे," व्यंकटराव म्हणाले, आणि त्यांनी मिठी काही सोडली नाही.