अंगाला कळवून ठेवणारे भिकूनाना

फाल्गुनातल्या भर दुपारी खळ्यावर घोंगडी पांघरून बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या उत्रोलीत होता. शेजारचे भिकूनाना.

"नाना, ताप आलाय का?" जाणारा-येणारा विचारायचा.

"आला न्हाई, बोलावतोय!" घोंगडीतून उत्तर यायचं.

मोठं ऊन यायच्या आधी अंगाला थोडं थोडं 'कळवून ठेवावं', हे नानांचं म्हणणं. चहासुद्धा आधी बोटाला लावायचे, मग ओठाला. तो चहा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर. नानी गेलेल्या, मूलबाळ नाही.

मी घरातली पहिली पदवीधर, बी.एस्सी. तोऱ्यात एकदा नानांना सांगून बसले, की फळमाशीला आधी बेतानं तापवलं तर तिच्या पेशी रोजची कामं बाजूला ठेवून निराळीच प्रथिनं बनवतात. ती आतली पडझड सावरतात, म्हणून पुढची मोठी उष्णता पेशी सोसते.

नाना उठून उभेच राहिले. "म्हंजी माशीबी कळवून ठेवती!"

झालं. गावभर माझं नाव सांगत सुटले. एस्टीची वाट बघत उभी राहिले की कुणीतरी विचारायचं, "काय बाई, माशी बरी हाय का?"

पुढं भर वैशाखात पुण्याचे माझे सर घरी आले. मला त्यांच्या प्रयोगशाळेत घ्यायचं होतं, वडिलांशी बोलायला आले होते. घामानं नुसते निथळत होते. नाना घोंगडीसकट आत.

"सायेब, अंगाला कळवल्यालं दिसत न्हाई तुमी!" आणि ती धुरकट घोंगडी थेट सरांच्या खांद्यावर. "इचारा की हिला. हिनंच शिकवलंय."

माझी मान खाली गेली ती सर एस्टीत बसेपर्यंत वर आली नाही. आजही आठवलं की कान तापतात.

जागा मात्र मिळाली. जायचं ठरलं, आणि नाना चहाला दिवसाआड येऊ लागले. मग चार-चार दिवसांनी. सर आले त्या दिवशीचं माझं पडलेलं तोंड त्यांनी पाहिलं असणार, असं वाटून मला आणखीच शरम वाटली. शेवटी मीच खळ्यावर गेले.

"नाना, रागावलात?"

"न्हाई गं बाय. तू जानार. म्हनून आत्तापास्नंच थोडं थोडं..." घोंगडी डोक्यावरनं पुढं ओढली गेली.

"मग? कळलं का अंगाला?"

नाना उठले, घोंगडी झटकून खांद्यावर टाकली.

"न्हाई कळत त्याला," म्हणाले. "चल, चा टाक."