घोडीच्या आधी हिरकण

"आप्पा, ते औषध आधी घोडीले लावशात का माले?"

हा प्रश्न हिरकणनं बापाला तोंडावर विचारायचा, अशी पैज तिच्या वर्गातल्या हलीमा आणि बेबीनं लावली होती. विचारलास तर मधल्या सुट्टीतली आमची बोरं तुझी, असं दोघींनी ठणकावून सांगितलं होतं. हिरकणला बोरांचं फारसं नव्हतं. पण शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांसमोर ती एकदा न अडखळता बोलली होती, साहेबांनी मान डोलावली होती, आणि तेव्हापासून कुणाला काहीही विचारायला तिची जीभ नुसती शिवशिवत असे.

रतिलाल पाटील ओट्यावर बसून घोडीच्या आयाळीतला गुंता बोटांनी सोडवत होते. घोडी कुमैत, काळपट तांबडी, देखणी, शेपूट तर सरळ आणि जमिनीला टेकेल इतकं लांब. फक्त आयाळ कुरळी. हिरकणचे केसही अगदी तसेच, कुणी विस्तवावर धरून आखडवल्यासारखे. घरात कुरळ्या केसांच्या अशा दोघी. एकीला सारंगखेड्याच्या यात्रेत विकायचं होतं आणि दुसरीला त्याच यात्रेत दाखवायचं होतं. गिऱ्हाईकही एकच, तळोद्याकडचे दोधू पाटील. त्यांना चांगली घोडी हवी होती आणि मुलाला बायको. कुरळे केस पाहून ते दोघींनाही नाकारतील, अशी रतिलालना धास्ती होती.

रतिलाल रागावले नाहीत. त्यांनी प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला.

"तुलेच," ते म्हणाले. "घोडी बोलत नही. कुठे झोंबस, कितलं झोंबस, ते तिले सांगता येत नही. तुले शाळामा घालेल शे, तू सांगशी."

शिक्षणाचा असाही उपयोग असतो हे हिरकणला पहिल्यांदाच कळलं. पैज ती जिंकली होती, पण बोरांची चव आधीच गेली होती.

केस सरळ करायचं ते औषध होतं मुनव्वरभाईचं. मुनव्वरभाई म्हणजे हलीमाचे अब्बा. सुरतेला काही वर्षं काढून ते परत आले होते आणि शहाद्याच्या बाजारात त्यांनी गोल फिरणाऱ्या खुर्चीचं सलून थाटलं होतं. महायुद्धामुळे सुरतेहून येणारा तयार माल मिळेनासा झाला, तेव्हा ते औषध घरीच बनवू लागले. साबण करायचा खार, अंड्याचा बलक आणि आणखी काहीतरी, जे ते कुणाला सांगत नसत. गावातल्या शौकीन पोरांचे कुरळे केस त्यांनी सरळ करून दिले होते. त्यातले दोघेतिघे हल्ली घरातसुद्धा टोपी काढत नसत, पण त्याचं कारण कुणी विचारलं नव्हतं. हलीमानं मात्र हिरकणला एक गोष्ट सांगून ठेवली होती. बाटली उघडायच्या आधी अब्बा स्वतःच्या हातांना कोपरापर्यंत तूप चोळतात.

बायकांनी सलूनमध्ये जायची रीत नव्हती, म्हणून सलूनच पाटलांच्या अंगणात आलं. रतिलालनी घोडी सोडून आणली. मुनव्वरभाई तिला पाहून दोन पावलं मागे सरकले. जनावराची जिम्मेदारी आपण घेत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"मंग मानूसनी लेस का?" रतिलालनी विचारलं.

"मानूसनी आजलोंग कोनी मांगीच नही, भाऊ."

हे दोघांनाही पटलं. हिरकणला पाटावर बसवण्यात आलं. तिची आई प्रमिलाबाई ताकाचा गडवा घेऊन शेजारी बसली. जळालंच तर ताक ओतायचं, एवढी खबरदारी तिला सुचली होती. मुनव्वरभाईंनी हातांना तूप चोळलं, ते खरंच कोपरापर्यंत गेलं, आणि हिरकणच्या डोक्यावर गार, लिबलिबीत, डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी थापलं. रतिलाल घोडीचा लगाम धरून समोर उभे राहिले.

"झोंबस का?"

"झोंबस."

"मिरचीसारखं का इंगळसारखं?"

"पहिले मिरची व्हती. आते इंगळ शे."

रतिलाल मुनव्वरभाईंकडे वळले. घोडीला हे सोसणार नाही, ती लाथ मारेल, असं त्यांचं मत पडलं. मुनव्वरभाईंचंही तेच मत होतं. घोडीच्या स्वभावावर दोघं बराच वेळ बोलले. प्रमिलाबाई मधेच म्हणाली, धुऊन टाकू का आता. आता धुतलं तर अख्खं औषध वाया जाईल, असं मुनव्वरभाई म्हणाले आणि रतिलालनीही मान डोलावली. मग हिरकण स्वतःच उठली आणि तिनं ताकाचा गडवा डोक्यावर रिकामा केला.

केस सरळ झाले होते, यात शंका नाही. अंबाडीच्या ओल्या वाखासारखे सरळ. प्रमिलाबाई त्यांवर पाणी ओतू लागली, तेव्हा उजव्या कानावरचा तळहाताएवढा पुंजका मुळासकट तिच्या हातात आला. खाली लालबुंद कातडी. बाकीचे केसही बोट लावलं की तुटत होते. प्रमिलाबाई तो पुंजका ओंजळीत धरून तशीच बसून राहिली. मुनव्वरभाईंनी बाटलीला बूच लावलं आणि कातडी नाजूक असली की असं होतं, असं पुटपुटत ते सायकलवर बसले.

"वाचनी माय मन्ही," रतिलाल गहिवरून म्हणाले.

हिरकणनं वर पाहिलं. बाप घोडीच्या मानेवरून हात फिरवत होता.

यात्रा तोंडावर आली होती. दोधू पाटलांकडचे लोक मुलीची वेणी सोडून बघतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेणीत गुंफायला खोट्या केसांचं गंगावन हवं होतं आणि ते लगेच मिळण्यासारखं नव्हतं. शेवटी रतिलाल शेतात गेलेले असताना प्रमिलाबाई विळा घेऊन गोठ्यात शिरली. घोडीच्या शेपटाच्या आतल्या बाजूचे केस तिनं कापले, शिकेकाईनं धुतले आणि त्यांची सुरेख वेणी घातली. संध्याकाळी रतिलालनी शेपूट पाहिलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

"पोरनं डोकं गयं तवय जेवनात ना," प्रमिलाबाई एवढंच म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

यात्रेत दोधू पाटलांनी आधी घोडी पाहिली. दात पाहिले, खूर ठोकून पाहिले, आयाळीच्या मुळाशी बोटं घालून पाहिली. केसांना काही लावलंय का, हे त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. रतिलालनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की काहीच नाही, आणि ते खरंच होतं. मग त्यांनी शेपूट उचललं, केस अंगठा आणि बोटात चोळून पाहिले आणि सोडून दिलं.

नंतर राहुटीत हिरकणला पाहिलं. तिला त्यांनी फक्त नाव विचारलं. वेणी पुढे घ्यायला सांगितली आणि सवयीनं तिचं टोक अंगठा आणि बोटात घेऊन चोळलं.

"ह्या केसं मी आत्तेच दखात," ते म्हणाले.

नावापलीकडे एक शब्द बोलायचा नाही असं हिरकणला बजावलं होतं. पण ती दिपोटीसाहेबांसमोर उभी होती तशी उभी राहिली आणि औषध, तूप, ताक, विळा, सगळं तिनं क्रमानं सांगितलं.

दोधू पाटील संतापले. कितीही अडचण आली तरी मुक्या जनावराच्या शेपटाला हात लावायला काळीज कसं झालं, असं त्यांनी प्रमिलाबाईला सुनावलं. बरंच बोलून झाल्यावर ते शांत झाले. पोरगी चालेल, म्हणाले. बाईच्या डोक्यावर पदर असतोच, केसांचं काय एवढं. पण अशी शेपूट कापलेली घोडी आपण विकत घेणार नाही, ती मुलीबरोबर आंदण म्हणून द्यावी.

रतिलालनी बाहेर बांधलेल्या घोडीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"पोर लई जा, पाटील," ते शेवटी म्हणाले. "घोडीना माले इचार करू द्या."

विचाराला वेळ देऊन पाहुणे चहाच्या पालाकडे गेले. हिरकणनं ती वेणी सोडवून आईच्या मांडीवर ठेवली. उजव्या कानावरचा लाल चट्टा उघडा पडला. पदर पुढे ओढायला आईचा हात आला, तो तिनं हलकेच बाजूला केला.

"आप्पा, माय, आयका. घोडी दी टाका त्यासले. मी जावाव नही. मी शाळामा जासू, आन शाळा सुटनी का मुनव्वरचाचाना सलूननी पायरीवर बठसू, असंच उघडं डोकं लिसन. ज्याले औषध लावनं व्हई, त्यानी पहिले माले देखो, मंग खुर्चीवर बठो."