यादीत नसलेला माणूस

ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यात गेट पासपासून खोल्यांपर्यंत सगळं धनंजय बघायचा. "आपल्या यादीत चूक? या जन्मात नाही!" असं तो छातीवर हात मारून सांगायचा.

बंद पडलेलं मोठं मशीन सुरू करायला स्पेनहून इंजिनिअर येणार होते. "दहाला ते आत पाहिजेत," मॅनेजर जाफरसाहेब म्हणाले, "मग तुझी गणपतीची रजा पक्की." चार वर्षं धनंजयने घरचा गणपती फोनवरच पाहिला होता! त्याने यादीत जीव ओतला. पासपोर्ट तीन आले होते: फ्रान्सिस्को, होसे, इग्नासियो. वर स्पेनहून ईमेल, 'पाको, पेपे, नाचो निघाले.' म्हणजे सहा! "तिघांचे पासपोर्ट पाठवायला विसरले, गबाळे लेकाचे," म्हणत त्याने सहा खोल्या अडवल्या.

गेटवर उतरले तिघेच.

"पाको, पेपे, नाचो कुठायत?"

"आम्हीच की!" फ्रान्सिस्को हसला. "आमच्याकडे फ्रान्सिस्कोला पाकोच म्हणतात. होसेचा पेपे, इग्नासियोचा नाचो."

"मला बनवता?" धनंजयने गेटवरच्या झैनला बजावलं, "सहाही आल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही!" आणि रिकामी गाडी उरलेल्यांना शोधायला मस्कत विमानतळावर पिटाळली.

साडेअकराला जाफरसाहेब घामाघूम होऊन धावत आले आणि त्यांनी फ्रान्सिस्कोला मिठीच मारली. "पाको! उन्हात काय करतोस?"

धनंजयने घाईघाईने गेट उघडायला लावलं.

"तुझी रजा," साहेब जाता जाता म्हणाले, "खलास!"

सगळा राग झैनवर निघाला. "यापुढे फक्त पासपोर्टवरचं नाव! टोपणनाववाले गेटवरूनच परत! यल्ला, चल, कामाला लाग!"

संध्याकाळी मालवणहून आईचा फोन आला. "तुका ह्या वर्षीय रजा मिळाची नाय म्हणान थंय कामाक असलेल्या आपल्या वाडीतल्या प्रसादाकडे लाडू धाडललंय. दुपारी तासभर गेटार उभो होतो बिचारो! वॉचमन म्हणता, असो माणूसच हय नाय!"

"पण तेणां माझा नाव काय सांगल्यान?"

"काय म्हणजे? बाबल्या! धनंजय म्हटल्यार गावात तुका वळाखता कोण?"

धनंजयने लगेच प्रसादला फोन लावला. लाडू तोवर प्रसादच्या रूमवाल्यांच्या पोटात पोचले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने मान खाली घालून गेटच्या यादीत एक नाव वाढवलं: बाबल्या.

झैनने ते बोट ठेवून वाचलं आणि हात पुढे केला. "सर, याचा पासपोर्ट?"